नाईनची विधवा आणि आमचा शिवरुद्र

दिनकरराव पाद्र्याची एक खोड मला पहिल्या दिवसापासून खपली नाही. गोष्ट सांगावी तर त्यानंच. बाजारातल्या बाया डोक्यावरची पाटी खाली न ठेवता अर्धा-अर्धा घंटा उभ्या राहायच्या. पण गोष्ट संपली की गप बसेल तर तो दिनकरराव कसला! बोट वर करायचा, घसा खाकरायचा अन् म्हणायचा, "प्रियजनहो, ह्या गोष्टीचा आत्मिक अर्थ असा की…" झालं. तिथून पुढं नाव नाव राहायची नाही, मासा मासा राहायचा नाही. मासा म्हणजे देवाची शिक्षा, नाव म्हणजे मंडळी, पाणी म्हणजे पाप. एवढी जनावरं नावेत कोंडली, तर त्यांचं शेण कुणी काढलं, असं मी एकदा दुकानातूनच विचारलं.

"मावशी, गोष्टीच्या आत बघा," तो म्हणाला.

"आतच बघायलेय," मी म्हणलं, "म्हणून तर शेण दिसायलंय."

सारा बाजार हसला. तोही हसला. हसायचा मोकळा, हे कबूल करते. वाईट माणूस असता तर मला एवढं लिहायचं कारण पडलं नसतं.

आमचं किराणा दुकान चारठाण्यात, वेशीच्या आत. समोर जुन्या देवळाचा एक मोडका खांब आडवा पडलेला, त्यावर उभा राहून तो बोलायचा. निजामाच्या अंमलात चार माणसं एका जागी जमवायची तर पोलीस अमिनाची इजाजत लागायची. ह्याच्याजवळ शिक्क्याचा कागद होता, तो त्यानं आपल्या पवित्र पुस्तकातच घडी करून ठेवलेला. दर बाजाराला मिशनच्या सायकलवर जिंतूरहून यायचा. पाटलानं पारावर उभं राहू दिलं नाही, तेव्हा मी म्हणलं, इथं उभे राहा. धर्मासाठी नाही म्हणलं. आमचे मालक मन्मथअप्पा जाऊन आठ वर्षं झाली होती, दुकान मी अन् थोरला बसवराज चालवायचो, अन् ह्याच्याभोवती गर्दी जमली की आमचा गूळ खपायचा. त्याच्या हातचं पाणी मी प्यायले नाही, आमच्या घागरीतलं त्याला दिलं नाही. तो आपला लोटा घेऊन यायचा. ह्यावर त्यानं कधी शब्द काढला नाही, मीही काढला नाही.

मार्गशीर्षातल्या एका बाजारी त्यानं खांबावर चढून रंगवलेलं कापड उलगडलं. चित्रात वेशीतून मयत निघालेली, मागं एक बाई, तोंडावर पदर.

"नाईन नावाचं गाव होतं," त्यानं सुरू केलं. "तिथं एक विधवा. तिला एकच मुलगा, तोही गेला. लोक त्याला गावाबाहेर घेऊन चालले होते, तेवढ्यात वेशीत प्रभू येशू समोरून आला. त्या बाईला बघून त्याच्या पोटात तुटलं. म्हणाला, रडू नकोस. त्यानं तिरडीला हात लावला. खांदेकरी थांबले. अन् मेलेला मुलगा उठून बसला, आणि बोलू लागला."

गर्दीत भुजंग होता, आमच्या शेजारचा कुणबी, तोंडाचा फाटका. तो म्हणाला, "त्यात काय नवल, पाद्रीबुवा? आमच्या गावच्या वाण्यांचे मुडदे बसलेलेच असत्यात. त्यास्नी आडवं होऊ देतंय कोण!"

लोक खिदळले. आम्ही लिंगायत वाणी. आमच्यात जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, भोवती विभूती अन् बेल, अन् डाव्या तळहातावर ज्याचं त्याचं लिंग. भुजंग खोटं बोलला नव्हता. पण मला हसू आलं नाही.

"दिनकरराव," मी गल्ल्यावरून म्हणलं, "ते पोरगं बोलाय लागलं म्हणता. काय बोललं?"

"ते लिहिलेलं नाही, मावशी."

"मेलेलं लेकरू आईसमोर बोललं, अन् काय बोललं ते लिहून ठेवलं न्हाई? कोण कुणाचा बाप अन् कोण कुणाचा आजा, ते तर पानंच्या पानं सांगता."

"प्रभूनं त्याला त्याच्या आईच्या हवाली केलं, एवढं लिहिलंय." मग बोट वर गेलं. "आता ह्याचा आत्मिक अर्थ असा की, तो मुलगा म्हणजे आपला आत्मा. पापात मेलेला…"

मी उठून आत कोठीत गेले. दातांखाली माती करकरायली होती.

ह्या मातीचं आधी सांगितलं पाहिजे.

त्याच वर्षीच्या आषाढात, निजामाच्या फसली सत्तेचाळीस सालात, गावात पटकी आली. माझा धाकटा शिवरुद्र, एकोणीस वर्षांचा, सकाळी दुकानात पोती रचत होता अन् दिवस मावळायच्या आत गेला. त्याला भिंतीला टेकवून, छातीला पट्टा बांधून बसवलं. आंघोळ मीच घातली. पटकीच्या भ्यानं बाया दारातून आत येईनात. बसवराज खड्ड्यावर गेलेला, विधीला आलेले जंगमस्वामी बाहेर ओट्यावर बेल निवडायलेले. घटकाभर आत आम्ही दोघंच, मायलेक.

लिंग आमच्यात लेकरू जन्मलं की बांधतात, ते मरेपर्यंत अंगावेगळं करत नाहीत. ते तळहातावर घेऊन पुजल्याबिगर पाणी घोटायचं नाही. दुसऱ्याच्या लिंगाला बोट लावायचं नाही. ज्याचं लिंग, त्यात त्याचा प्राण. हे मी साऱ्या गल्लीला शिकवलेलं. माझी सून शांतम्मा एकदा पूजेआधी घोटभर ताक प्याली, तर मी तिला दोन दिवस चुलीला शिवू दिलं नव्हतं.

अशी मी. अन् त्या घटकेत मी गळ्यातली चांदीची डबी उघडली, माझं लिंग त्याच्या तळहातावर ठेवलं, अन् त्याचं काढून माझ्या डबीत घातलं.

मनात काय होतं म्हणाल, तर लय काही नव्हतं. त्याला मातीत एकट्यानं बसायचं होतं. ल्हान होता तेव्हा अंधाऱ्या कोठीत जायचं तर माझ्या पदराचं टोक मुठीत धरून जायचा. आईचं काहीतरी हातात असावं. अन् त्याचं काहीतरी माझ्याजवळ उरावं. दोन्ही लिंगं काळी, सुपारीएवढी. स्वामी आत आले, बघितलं, मंत्र म्हणले. कुणाला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी भाकरी कचकचली. मी शांतम्माला बोलले. तिनं ज्वारी पुन्हा पाखडली, जातं धुतलं, पाणी फडक्यानं गाळलं. चौथ्या दिवशी दूध कचकचलं. दूध! तेव्हापासून मी तिला बोलायची थांबले.

मग पाय. रात्री आडवी पडायची अन् सकाळी जाग यायची ती अंथरुणात मांडी घालून बसलेली, पाठ भिंतीला. मांडी सुटायची नाही. शांतम्मा तेल लावून एकेक पाय सोडवायची, तोंडातून चकार शब्द न काढता. पूजेला बसले की तळहातावरचं त्याचं लिंग ओलं लागायचं. पुसलं तरी ओलं, अन् गार, त्या दिवशीच्या त्याच्या हातासारखं.

अन् भर दुपारी, पुढं गिऱ्हाईक उभं असताना, पाठीमागं कोठीतून हाक यायची. "अव्वा." स्वच्छ. पुढं तो काहीतरी सांगायचा, पण चार पोत्यांखालून बोलावं तसं. शब्द लागायचा नाही. मी तराजू धरून तशीच राहायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "अव्वा, पारडं बगा की." सारं गाव मला अव्वाच म्हणतं. पण पोटच्याची हाक आईला वेगळी कळते.

एक दिवस कोठीत मी डाळ पाखडत होते. स्वयंपाकघरात शांतम्माच्या हातून घागर सुटली. ती धावत आली अन् कोठीच्या दारात थबकली. माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तेव्हा मला कळलं की कुणीतरी शीळ घालतंय, अन् ते मीच घालतेय. शिवरुद्राची शीळ, मोटेवरच्या गाण्याची, शेवटाला वर उडणारी. मला जन्मात शीळ वाजवता आली नाही. ओठ मिटले तेव्हा ते माझ्या ताब्यात आले.

"काय बघायलीस?" मी म्हणलं. "घागर उचल."

तिनं उचलली.

मला सारं कळत होतं. माझा प्राण आषाढापासून मातीत बसलाय, अन् शिवरुद्र माझ्या गळ्यात जिता फिरतोय. ना तो गेला, ना मी इथं राहिले. उपायही ठाऊक होता. स्वामींपुढं, चार घरच्यांपुढं उभं राहायचं, केलेलं सांगायचं, त्याचं लिंग त्याच्या समाधीशी मातीआड द्यायचं, अन् ह्या वयात, काल जन्मलेल्या लेकरासारखं, नवं लिंग बांधून घ्यायचं. तोवर मी बिनलिंगाची. शांतम्मापुढं. ज्या गल्लीला शिकवलं त्या गल्लीपुढं. मी म्हणलं, त्यापेक्षा माती खाईन. अन् खात होते.

पण त्या नाईनच्या पोरानं माझी पाठ सोडली नाही. पुढच्या बाजारी, गर्दी पांगल्यावर, मी दिनकररावाला दुकानाच्या पायरीशी बसवून घेतलं.

"त्या बाईनं पोराला घरी नेलं. मग? जेवला का तो? किती दिवस जगला? का तो दिसायचा तिला एकटीलाच?"

तो आपली टोपी मांडीवर घेऊन बसला. म्हणाला, "मावशी, तुमचं कोण गेलं?"

आमच्यातला असता तर जीभ हलली नसती. तो परका, म्हणून सांगितलं. कोरड्या विहिरीत तोंड घालून बोलावं तसं. लिंगाचं, मातीचं, मांडीचं, शिळेचं, सारं. आता बोट वर जाईल, म्हणून मी त्याच्या हाताकडं बघत होते. बोट वर गेलं नाही.

"नाव काय त्याचं?" त्यानं विचारलं.

"शिवरुद्र."

"शीळ कशी होती?"

आषाढापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. लोक म्हणायचे, देवाची मर्जी. लोक म्हणायचे, थोरला हाय न्हवं. मी तोंडानंच सूर म्हणून दाखवला, म्हातारी बाई, दुकानाच्या पायरीवर. त्यानं मान हलवली, ओळखीच्या माणसाचं ऐकावं तशी.

"हे कुणाच्या कानावर जाता कामा न्हाई," मी म्हणलं. "घ्या शपथ."

"आम्ही शपथ घेत नाही, मावशी. हो म्हणजे हो."

मी आत गेले, आमच्या घागरीतलं पाणी तांब्यात घेतलं अन् वरून त्याच्या ओंजळीत ओतलं. त्यानं खाली मान घालून पिलं. त्या दिवशीची भाकरी मऊ लागली. एक दिवसच, पण लागली.

मग पौष आला. तो खांबावर चढला, अन् चित्र उलगडलं नाही.

"आजची गोष्ट पुस्तकातली नाही," तो म्हणाला. "आपल्याच मुलखातली आहे. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. एक आई होती. तिचा तरुण मुलगा वारला. त्याच्या अंगावरची एक वस्तू तिनं मातीत जाऊ दिली नाही. ती स्वतःच्या गळ्यात बांधली. आणि त्या दिवसापासून तिच्या घासात माती येऊ लागली."

मी गल्ल्यावर होते. हातातलं माप हातातच राहिलं.

लय सुंदर सांगितलं त्यानं. मला नसतं जमलं. सकाळची मांडी सांगितली, ओला तळहात सांगितला, दुपारची हाक सांगितली. लिंग म्हणला नाही, वाणी म्हणला नाही. ते झाकून घेतलं. तानुबाई भाजीवाली पदरानं डोळे पुसायला लागली. भुजंगसुद्धा ऐकायला पुढं सरकला. अन् माझ्या पाठीमागं, कोठीत, हाक सुरू झाली. "अव्वा." एकदा. "अव्वा." पुन्हा, जवळून. आजवर कधी एवढ्या जवळून आली नव्हती. पोत्यांखालचा आवाज सुटा होत होता. मला वाटलं, आता शब्द लागणार.

दिनकररावाचं बोट वर गेलं.

"प्रियजनहो, ती आई म्हणजे कोण? ती आई म्हणजे तुम्ही आणि मी. तो मेलेला मुलगा म्हणजे आपला जुना, पापी स्वभाव. आणि गळ्यातली ती वस्तू…"

कोठीतली हाक मधेच तुटली.

सहा महिने तो हाक मारायचा, तेव्हा मी भ्याले नव्हते. आता भ्याले. मागं नुसती पोती होती, मिरच्यांचा वास होता. गळ्यातल्या डबीला हात लावला, तर ती कोरडी अन् हलकी, बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही डबीसारखी. समोर अर्धा बाजार आपापल्या गळ्याला हात लावून बघत होता. माझं पोरगं त्यांच्यात वाटलं गेलं होतं. ज्यानं त्यानं आपापला तुकडा घेतला होता, अन् तो तुकडा म्हणजे शिवरुद्र, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मेल्यावर त्याचं जे काही उरलं होतं, तेही आता जाणार.

शांतम्मा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं डबीकडं बघितलं, मग माझ्याकडं. शीळ ऐकल्या दिवसापासून तिच्या मनात काय जुळत होतं, ते आज जुळलं असावं.

"आत्याबाई, बसा," ती हळूच म्हणाली. "नाव घेतलं न्हाई त्यानं. कुणाला कळायचं न्हाई. मी तर बोलतच नसते."

तिच्या तोंडावर टोमणा नव्हता. असता, तर मी बसून राहिले असते.

मी उठले. मांडी आखडलेली होती, पहिली दोन पावलं लंगडतच टाकली. गर्दी बाजूला झाली. अव्वा दुकान सोडून बाजारात उतरलेली त्यांनी बघितली नव्हती. दिनकरराव खांबावर उभा, बोट अजून वरच. मला बघून ते हळूहळू खाली आलं.

"ती आई मी," मी म्हणलं. लांबच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणलं. "मी, मन्मथअप्पाची चन्नबसम्मा. माझं लिंग मी पोराच्या हातात दिलं अन् त्याचं माझ्या गळ्यात घातलं. सहा महिने तुमाला शिवाशिव शिकवली ती बिनलिंगाच्या तोंडानं. थुंकायचं असंल त्यानं आत्ताच थुंकावं, उद्या मी ऐकून घेणार न्हाई."

कुणी थुंकलं नाही. तानुबाईनं तोंडाला पदर लावला.

"शांतम्मा," मी मागं न बघता म्हणलं, "बसवराजाला म्हण, स्वामींस्नी समाधीपाशी घेऊन ये. माझं लिंग शिवरुद्राच्या हातात हाय ते राहू दे. त्याचं त्याला द्यायचंय. दिवस हाय तोवर."

"जी," ती म्हणाली, अन् निघालीसुद्धा.

दिनकरराव खांबावरून खाली उतरला. तोंड उतरलेलं. "मावशी," तो म्हणाला, "मी तुम्हाला उघडं पाडलं नाही. मी नाव घेतलं नाही. लोकांच्या काळजाला लागावं, एवढ्यासाठीच…"

"लागलं," मी म्हणलं. "मला बी लागलं. आता माझं ऐका, अन् बोट खाली ठेवून ऐका. मला उघडं पाडलं असतं तर मी तुमाला चार शिव्या दिल्या असत्या अन् सोडलं असतं. तुमी माझं नाव झाकलं, चांगलं केलं. पर लेकराचं बी झाकलं. मला विचारून घेतलंत त्याचं नाव, त्याची शीळ विचारलीत, मी बाई खुळी, मला वाटलं ह्याला माझं पोरगं पाहिजे. मी त्याला गळ्यात कोंडलं, ते पाप. पर माझ्याजवळ तो शिवरुद्र तरी होता; तुमी त्याला धुऊन पुसून कुणाचाच ठेवला न्हाई. अन् का, ते बी सांगते. मेलेलं मानूस समोर आलं की तुमाला त्याच्याकडं बघवत न्हाई, म्हणून गडबडीनं त्याचा अर्थ करून टाकता. पापी न्हाई तुमी, दिनकरराव. तुमी भित्रे."